पाच मेंढ्यांची पैज

तेरेक-सू, आत-बाशी
४ मार्च १९९७

सागिनाली,

हे पत्र ट्रकवाल्या बेइशेनच्या हाती देते आहे. त्याला नुसत्या चहावर वाटेला लावू नकोस, पोटभर खायला घाल. तुझ्या घरचा पाहुणचार हल्ली इकडे फारसा नावाजला जात नाही.

आमचा म्हातारा दोबोत, राखणीचा कुत्रा, गेला. अकरा वर्षं दाराबाहेर बसून राखण केली, एकदा तंबूत पाय टाकला नाही. मागच्या महिन्यात बर्फ पडत असताना पहाटे लांडगे आले तेव्हा तो उठला खरा, पण दातच राहिले नव्हते बिचाऱ्याचे. त्याच्या डोळ्यांदेखत सात मेंढ्या गेल्या. त्यानंतर त्याने अन्न सोडलं. कोलखोझची सामुदायिक शेती मोडल्यापासून लांडग्यांमागे जायला कुणाला वेळ नाही. ज्याची त्याची मेंढी, ज्याची त्याची रड.

आता खरी गोष्ट. परवा पुतण्याच्या बाळाला पाळण्यात घातलं, त्या जेवणाला सगळं गाव जमलं होतं. आमचे थोरले दीर (सासरच्या मोठ्यांचं नाव मी घेत नाही, तुला ठाऊक आहे) भरल्या पंगतीत मला म्हणाले, "बुरुलकान, बाईमाणसाने एकटीने कळप सांभाळायचे दिवस हे नव्हेत. माझा धाकटा भाऊ गेला, आता उरलेल्या मेंढ्या माझ्या कळपात सोड आणि आमच्याकडे येऊन चहाच्या सामोवारपाशी सुखाने बस." मनात वाईट नव्हतं रे त्यांच्या. म्हणून तर जास्त झोंबलं! मी बावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं मेंढ्यांमागे चालले, आणि आता सामोवार राखू?

मी तिथल्या तिथे शब्द दिला. माझ्या मोठ्या मेंढ्या सत्तर आहेत, कोकरं धरायची नाहीत. उन्हाळी कुरणावरून शरदात खाली येईन तेव्हा पाचापेक्षा जास्त गेलेल्या असतील तर सगळा कळप त्यांचा, आणि मी सामोवारपाशी. पाच किंवा कमी गेल्या तर यापुढे हा विषय काढायचा नाही. सगळ्या म्हाताऱ्यांनी ऐकलं.

म्हणून मला दोबोत हवा. पिल्लू नको, वाढलेला, जाडजूड, भरदार आवाजाचा. तुझ्या गावच्या जुमाकादिरकडे असतात. आणि आधीच सांगून ठेवते, तुझ्या त्या उपाशी हरणांपैकी एकही नको.

तुझी एजे बुरुलकान


तोंग, इस्सिक-कुलचा दक्षिण किनारा
२० मार्च १९९७

बुरुलकान एजे,

बेइशेन दोन वाडगे शोरबा आणि अर्धा मेंढीचा फरा खाऊन ढेकर देत गेला. आता जाऊन सांगा तिकडे.

तुम्ही पैज लावलीत हे वाचून मी बायकोला हाक मारून परत मोठ्याने वाचायला लावलं. शाब्बास! एसेंगुलला असंच पाहिजे. (मी नाव घेऊ शकतो, माझं काय सासर आहे ते.) पण एजे, उपाशी हरणं? आपल्या आजोबांच्या आजोबांपासून आपल्या घरात तायगान शिकारी कुत्रे आहेत. माझ्या उचारने पाच लांडगे अडवलेत, कोल्ह्यांचा तर मी हिशेबच ठेवत नाही. तिचा मुलगा शुमकार चौदा महिन्यांचा झाला. छाती बघा, पाय बघा, कानांवरची ती रेशमी झुलपं बघा! राजधानीतून एक बडा माणूस आला होता, त्याने शुमकारसाठी आख्खी मोस्कविच गाडी देऊ केली. मी म्हटलं, साहेब, गाडी विकतात, तायगान विकत नाहीत. तोंड एवढंसं करून गेला.

दोबोत काय करतो? बसतो, भुंकतो आणि कढईभर खातो. लांडग्याला भुंकून काय होणार, एजे? तो उद्या परत येतो. लांडगा धावून गाठायचा असतो, म्हणजे पुन्हा यायला उरतच नाही. सागिनालीच्या थोरल्या बहिणीच्या दारात जाड्या राखणदार बसलेला लोकांनी पाहिला तर मी बाजारात तोंड कसं दाखवू?

म्हणून शुमकार तुम्हाला दिला. बेइशेनच्या पुढच्याच फेरीत निघतोय, म्हणजे हे पत्र आणि तो एकदमच पोचतील. विकत नाही, दान देतोय. आणि दान आलेला तायगान परत पाठवत नाहीत हे मी तुम्हाला शिकवायला नको.

तुमचा सागिनाली


तेरेक-सू
११ एप्रिल १९९७

सागिनाली,

पोचला तुझा नवरदेव.

ट्रकमधून उतरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ घरात शिरून पाहुण्यांच्या मानाच्या जागी, माझ्या लग्नातल्या लोकरी नमद्यावर अंग पसरून झोपला. मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारणी रोज बघायला येतात. "अगबाई, काय डौल आहे!" म्हणतात आणि माझी लोण्याची वाटी त्याच्यापुढे ठेवतात. थोरले आले, दाढी कुरवाळत म्हणाले, "बुरुलकान, कळप राखायला हरीण आणलंस वाटतं?" मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आणि तुझ्यामुळे, लक्षात ठेव!

देखणा आहे, कोण नाही म्हणतंय? परवा टेकडीवर सोडला तर ससा दिसला, आणि मग जे पळाला ते बघून माझ्याही अंगावर काटा आला. वाऱ्याला मागे टाकलं त्याने. पण सागिनाली, मला ससे नकोत. मला मेंढ्यांपाशी थांबणारा कुणीतरी हवा. म्हणून त्याला गोठ्याच्या दाराशी साखळीने बांधला. दोन दिवस असा रडला की गल्लीतल्या मुलांना वाटलं, माझ्याकडे बाळ आहे. तिसऱ्या दिवशी पट्ट्यातून मान काढली, डोंगरावर कोल्हा दिसला होता त्यामागे गेला, आणि संध्याकाळी कोल्हा तोंडात धरून मोठ्या ऐटीत परत आला. तो तिकडे असताना इकडे दोन मेंढ्या गेल्या.

दोन, सागिनाली. अजून कुरणावर गेलेही नाही.

परत पाठवणार नाही, रीत मला कळते. पण जुमाकादिरकडे जा. हे मी दुसऱ्यांदा सांगते आहे आणि तिसऱ्यांदा सांगणार नाही.

तुझी एजे


तोंग
३० एप्रिल १९९७

एजे,

साखळी? शुमकारला साखळी? आमच्या बापाने दुष्काळातही तायगानच्या गळ्यात लोखंड घातलं नाही. वाचून मला दोन घास गेले नाहीत. बायको म्हणाली, कुत्र्यापायी जेवण टाकणारा नवरा आपल्याच नशिबी.

जुमाकादिरकडे विचारलं. या वर्षी त्याच्याकडे द्यायला दोबोत नाही. कोल्ह्याचं कातडं नीट ताणून वाळवा, हिवाळ्याची टोपी होईल.

तुमचा सागिनाली


उन्हाळी कुरण, तेरेक-सूच्या वरचं
९ जून १९९७

सागिनाली,

जुमाकादिरची मेव्हणी शेजारच्या कुरणावर उतरली आहे. काल ताक न्यायला आली होती. तिच्याकडून कळलं की जुमाकादिरच्या अंगणात तीन वाढलेले दोबोत मोकळे बसले आहेत, आणि तुझी सावलीसुद्धा चार वर्षांत त्याच्या दारात पडलेली नाही.

मी तुला पाठीवर घेऊन नदी ओलांडली आहे. आई गेली तेव्हा तुझ्या पायातले बूट मी शिवले. आणि तू मला खोटं लिहितोस?

आणखी तीन गेल्या. एकूण पाच झाल्या. जून महिना आहे, ऑक्टोबरपर्यंत मला इथे राहायचं आहे, आणि आता एकही मेंढी जायला जागा नाही. शुमकार माझ्याबरोबर दिवसभर फिरतो, पण धुक्यात काही हललं की सुटतो, आणि मग कळपापाशी मी आणि माझी काठी.

यापुढे मी काही मागणार नाही.

बुरुलकान


तोंग
२४ जून १९९७

बुरुलकान एजे,

तुम्ही "तुझी एजे" लिहिलं नाहीत. पत्राच्या शेवटी नुसतं नाव होतं. चाळिशी उलटलेला माणूस मी, रडलो. लाज नाही वाटत सांगायला.

खरं सांगतो. चार वर्षांपूर्वी घोड्यांच्या शर्यतीला जुमाकादिर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सागिनालीचे कुत्रे म्हणजे दागिने घातलेल्या नव्या नवऱ्या. बघायला छान, घर चालवायला बिनकामाच्या." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तेव्हापासून आम्ही एका रस्त्याने चालत नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं तुम्हाला काय हवं ते. पण त्याच्या दारात जाऊन "दोबोत दे" म्हणायचं? माझ्या जिभेला ते जमेना. म्हणून शुमकार पाठवला, आणि मग खोटं लिहिलं.

पत्र आलं त्याच दिवशी गेलो. त्याने दार उघडलं, हाताला धरून आत नेलं आणि मानाच्या जागी बसवलं. एजे, मारलं असतं तर बरं झालं असतं! दोन तास चहा, तळलेले बोरसोक, नातवंडं, पाऊसपाणी. कुत्र्याचं नाव नाही. शेवटी मीच म्हटलं, "जुमाके, माझ्या बहिणीला दोबोत हवाय." त्याने मुलांना बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं, सगळे बसल्यावर म्हणाला, "आता सांग, दोबोत म्हणजे काय?"

मी म्हटलं, "दोबोत असला की घरधनी झोपतो."

"आणि तायगान?"

"तायगान तायगानच," मी म्हटलं, "ते तू माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीस."

तो खो खो हसला. म्हणाला, "तेही सोडून दिलं असतंस तर तुला रिकाम्या हाती घालवलं असतं." आणि तिघांतला सगळ्यात मोठा, बोरोन, दोरीसकट माझ्या हातात दिला. तीन वर्षांचा आहे. डोकं कढईएवढं, कान-शेपूट लहानपणीच कापलेली, अंग वादळात सापडलेल्या ढगासारखं. बेइशेन त्याला शेजारी बसवायला घाबरतोय.

जुमाकादिरने सांगितलेलं नीट ऐका. वाढलेला दोबोत जुन्या घराची राखण सोडत नाही. पहिले काही दिवस तो रस्त्याकडे तोंड करून बसेल. मारू नका, ओढू नका. एक दिवस उपाशी ठेवा, मग मेंढ्यांमध्ये बसून स्वतःच्या हाताने भरवा. घरातल्या माणसाचा जुना डगला त्याच्याखाली घाला. आपण कुणाचे हे त्याचं त्याला ठरवू द्या.

मला माफ करा, एजे.

तुमचा सागिनाली


उन्हाळी कुरण
२८ ऑगस्ट १९९७

सागिनाली,

तू त्या दारात गेलास, हे मी शेजारच्या तिन्ही तंबूंत जाऊन वाचून दाखवलं. "माझा भाऊ आहे," म्हटलं. सुटलास.

बोरोन चार दिवस तोंगच्या वाटेकडे बघत बसला. मी तुझ्या दाजींचा मेंढीच्या कातड्याचा डगला काढला. ते गेल्यापासून मी तो कुणाला दिला नव्हता, झटकलाही नव्हता. तो कळपाच्या मधोमध अंथरला आणि त्याच्याशेजारी बसून मांसाचे तुकडे हातावर धरले. बोरोनने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, डगल्याचा मात्र कितीतरी वेळ वास घेत राहिला. पाचव्या दिवशी उठला, आळस दिला, सगळ्या कळपाभोवती एक सावकाश फेरी मारली आणि डगल्यावर येऊन बसला. त्या दिवसापासून लांडग्यांनी एक मेंढी नेलेली नाही. मी पाय ताणून झोपते आहे, सागिनाली! सहा महिन्यांनी.

शुमकारची आणि त्याची पहिल्यांदा जुंपेल असं वाटलं होतं. शुमकारने नाक वर केलं, बोरोनने जांभई दिली, आणि मिटलं. एक आत झोपतो, एक बाहेर बसतो.

या महिन्यात थोरले वर आले होते, कळप कसा आहे ते बघायला. पाहुणचार केला. सकाळी निघायच्या वेळी असं धुकं उतरलं की घोड्याची शेपूट दिसेना. धुकं जरा फाटलं तशी समोरच्या कड्यावर लांडगीण उभी दिसली, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी. शुमकार सुटला. मी किंचाळले, कारण मला त्यांची ही लबाडी ठाऊक आहे: एक कुत्र्याला दूर नेतो, दुसरा मागून कळपात शिरतो. बोरोनने शुमकारकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आणि तो जागचा हलला नाही. मग वळून ओढ्याकडे तोंड केलं. तिथून दुसरा आला, मोठा नर. पुढचं मला नीट दिसलंही नाही, नुसता आवाज. लांडगा उठला तो तीन पायांवर पळाला.

आणि तुझ्या शुमकारने लांडगिणीला दरीच्या तोंडाशी गाठून मागचा पाय धरून ठेवला. सोडलाच नाही! थोरले त्या वयात घोडा फेकत गेले आणि चाबकाच्या मुठीच्या एका फटक्यात तिला पाडलं. परत आले तेव्हा वीस वर्षांनी तरुण दिसत होते. "हरीण नाही गं हे!" म्हणाले.

एक वाईट बातमी. शुमकारचा पुढचा उजवा पाय मोडला. बांधला आहे, चालतो, पण तुझ्यासारखा जाणकार बघेल तर कळेल, तो वारा आता राहिला नाही. तुझ्या घरातला हिरा माझ्याकडे लंगडा झाला. रागाव हवं तर.

तुझी एजे


तोंग
१५ सप्टेंबर १९९७

एजे,

रागावू? तुमचं पत्र मी जुमाकादिरच्या अंगणात उभं राहून वाचलं. शुमकारने पाय सोडला नाही त्या ओळीला मी छाती पुढे काढली, बोरोन हलला नाही त्या ओळीला त्याने. दोघांचीही गुंडी तुटायची राहिली. पायाचं ऐकून मात्र मी जरा बाहेर जाऊन आलो. पण लांडगीण धरून लंगडा झालेला तायगान लंगडा नसतो, एजे. त्याला लोण्याची वाटी माझ्याकडून.

म्हणजे पाचच गेल्या ना? पाचापेक्षा जास्त नाहीत. मग जिंकलात! एसेंगुलचं तोंड बघायला मी तिथे असायला हवा. लवकर कळवा.

तुमचा सागिनाली


तेरेक-सू
१२ ऑक्टोबर १९९७

सागिनाली,

तुला मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. पाहुणचार केला एवढंच लिहिलं होतं.

थोरले वर आले तेव्हा त्यांनी घोड्यावरूनच विचारलं, "किती गेल्या?" मी म्हटलं, पाच. ते घोड्यावरून उतरले. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ तीन तासांची चढण चढून माझ्या दारात आले होते. मी त्यांना काय, सुकं दही खायला घालू? शेजारच्या मेंढपाळाला बोलावलं, कळपातली चांगली भरलेली मेंढी धरली आणि रीतीप्रमाणे आशीर्वादासाठी थोरल्यांसमोर उभी केली. "कशाला गं, राहू दे," ते म्हणाले. सगळेच पाहुणे म्हणतात. मी म्हटलं, "हात उघडा." मेंढीचा दोर माझ्या हातात होता आणि आकडा माझ्या डोक्यात होता. पण दारात आलेल्या माणसासाठी मेंढी कापताना जी बाई आकडा बघते, तिने कळप ठेवून तरी काय करायचं? त्यांनी हात उघडले, आशीर्वाद दिला. मानाचं मुंडकं त्यांच्याच ताटात वाढलं.

परवा मी खाली उतरले. गोठ्याच्या दाराशी म्हातारे उभे होते, सगळं गाव होतं. मेंढ्या एकेक करून आत सोडल्या, शाळेच्या मास्तरांनी मोजल्या. चौसष्ट. परत मोजल्या. चौसष्ट. कुणीतरी म्हणालं, "सहा गेल्या." कुणीतरी चुकचुकलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी काय बोलणार, सागिनाली? "सहावी तुम्ही खाल्लीत" म्हणू? पाहुण्याच्या पोटातला घास त्याच्यापुढे मोजायचा? त्यापेक्षा सामोवार बरा. मी ताठ उभी राहिले. एका बाजूला बोरोन, दुसऱ्या बाजूला तीन पायांवर भार देऊन शुमकार. तीस वर्षांचा कळप माझ्या समोरून चालला होता आणि मी तोंड उघडलं नाही.

थोरले जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढली, सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या माणसाने, आणि म्हणाले:

"सहावी मेंढी माझ्या पोटात आहे. पाच गेल्या हे माहीत असताना मी तिच्यावर हात उघडले. बुरुलकान आता बोलेल, मग बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ही बाई कळप घालवील, पण पाहुण्याचा घास काढणार नाही. अरे, हिला मी सामोवारपाशी बसवायला निघालो होतो!"

मग माझ्याकडे वळले. "बुरुलकान, कळप तुझा. आणि पुढच्या वर्षी माझ्या मेंढ्याही वर नेशील का? माझ्याने आता होत नाही."

लोक इतके हसले, इतके ओरडले की मेंढ्या बिथरल्या आणि बोरोनला परत सगळ्या गोळा कराव्या लागल्या. मी तिथे रडले नाही. घरी आले, दार लावलं आणि मग मनसोक्त रडले. शुमकारने तोंड चाटून काढलं.

आता गावातले सारखे विचारतात, कुठला कुत्रा चांगला, भावाला विचारून सांग. मी म्हणते, आधी ठरवा, तुम्हाला झोप हवी आहे की शिकार. मग विचारा.

तुझी एजे


तोंग
३० ऑक्टोबर १९९७

बुरुलकान एजे,

काल बाजारात घोड्यांच्या बाजूला पंधरा-वीस जण जमले होते. राजधानीचा तो मोस्कविचवाला परत आला होता. सगळ्यांसमोर विचारलं त्याने, "सागिनाली, तुझ्या घरात मिरवावं असं अजून काही आहे की संपलं?"

एजे, तुम्ही मला ओळखता. उचारचे पाच लांडगे माझ्या जिभेच्या टोकावर होते. शुमकारचा कडा होता. जुमाकादिर शेजारीच उभा होता, बोरोनचं सांगायला त्याचं तोंड उघडलेलंसुद्धा होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं आणि म्हटलं, "कुत्र्यांचं राहू द्या. बसा सगळे. मी तुम्हाला माझ्या बहिणीबद्दल सांगतो."

तुमचा सागिनाली